पीळ जाणार कुठं?

बेंदूर चार दिवसांवर आला होता. बाहेर पावसाची रिपरिप चालू होती आणि आबा सोप्यात पोत्यावर बसून जुने दोर तपासत होते. बैलजोडी महापुरानंतर विकली, आता गोठ्यात दोन म्हशीच आहेत. पण बेंदराच्या आधी घरातला प्रत्येक दोर खाली काढून बघायचा, ही आबांची सवय काही बैलांबरोबर गेली नाही. आढ्याला टांगलेले कासरे, दावी, एक जुनाट सोल, सगळं पुढ्यात पसरलेलं. वाखाचा ओलसर, कुबट वास सोपाभर भरून राहिलेला. कासऱ्याचं एक टोक त्यांनी खांबाला बांधलं, दुसरं माझ्या हातात दिलं आणि बाभळीची गुळगुळीत, टोकदार खुंटी दोन पेडांच्या मधे घालून ती हळूहळू माझ्या दिशेनं सरकवायला लागले. दोर वरून कितीही धडधाकट दिसला तरी कुजतो आतून, म्हणून पेड फाकवून आत बघायचं. खुंटी पुढे जाईल तसे पेड उघडायचे, आबा डोळे बारीक करून आत बघायचे, आणि खुंटी पुढे गेली की मागचे पेड पुन्हा एकमेकांना येऊन चिकटायचे. हात-दीड हात झालं असेल. माझ्या बाजूचा दोर एकाएकी ताठ झाला, थरथरला आणि उडी मारल्यासारखा स्वतःभोवतीच वळला. त्याचं वेटोळं झालं. मी आणखी घट्ट धरला. आबा मान वर न करता म्हणाले, "आगं, टोक सोड की. धरून बसलीयास व्हय? पीळ जाणार कुठं?"

मी टोक सोडलं. दोर तळहातातून गरागरा फिरला, वेटोळं उलगडलं, खुंटी पुढे सरकली.

तेवढंच झालं. पण परतीच्या एसटीत, शिवाजी पुलावरून तांबडी पंचगंगा दिसत असताना, ते वाक्य डोक्यातून जाईना. मी अठरा वर्षं कोल्हापुरात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते. दरवर्षी जीवाणूंच्या डीएनएवर तास घेते. फळ्यावर दोन वळणदार रेषा काढते, त्यांच्यावर आरएनए पॉलिमरेजचा एक लंबगोल बसवते, बाण काढते आणि सांगते की हे एन्झाइम डीएनएचे दोन पेड थोडे फाकवून अक्षरं वाचत पुढे जातं आणि वाचलेल्याची आरएनएत नक्कल करतं. ट्रान्सक्रिप्शन. मग ओघात एक वाक्य येतं, 'पुढे साठणारा पीळ जायरेज हे एन्झाइम काढतं.' मुलं ते लिहून घेतात. परीक्षेत त्याला एक गुण असतो. अठरा वर्षांत मला एकाही मुलानं विचारलं नाही आणि मीही स्वतःला विचारलं नाही, की काढतं म्हणजे काय करतं? आबांच्या दोराला टोक होतं. मी ते सोडलं आणि पीळ हवेत निघून गेला. बहुतेक जीवाणूंचा डीएनए म्हणजे गोल कडं असतं. त्याला टोकच नाही. तिथे पीळ जाणार कुठं?

त्या रात्री वहीत साधी गणितं मांडून बसले. आपल्या आतड्यात राहणाऱ्या ई. कोलायच्या डीएनएत सुमारे ४६ लाख अक्षरजोड्या आहेत. साडेदहा जोड्यांमागे पेडांचा एक वेढा पूर्ण होतो, म्हणजे एकूण सव्वाचार लाखांवर वेढे. सरळ केला तर हा दोर दीड मिलिमीटरच्या वर भरेल, आणि ज्या पेशीत तो मावतो ती जेमतेम दोन हजारांश मिलिमीटर लांब. पॉलिमरेज सेकंदाला चाळीस-पन्नास अक्षरं वाचतं. म्हणजे सेकंदाला चार-पाच वेढे. हजार अक्षरांचा एक जनुक वाचून होईपर्यंत पंचाण्णवच्या आसपास. हे आकडे मला पाठ होते, पण सुटे सुटे. खुंटी डोळ्यांसमोर होती म्हणून ते पहिल्यांदा एकमेकांना जोडले गेले. आबांनी हातभर खुंटी सरकवली तर कासऱ्याचं वेटोळं झालं. इथे ती खुंटी एका सेकंदात चार वेढे पुढे जाते, आणि अशा कितीतरी खुंट्या एकाच वेळी एकाच कड्यावर चालू असतात.

खुंटीच दोराभोवती फिरत गेली तर पीळ साठणार नाही, असं वाटू शकतं. आबांनाही हात कोपरापासून गोल गोल फिरवत नेता आला असता. पण पॉलिमरेजला ते जमत नाही, आणि का जमत नाही हे मला फार हृद्य वाटतं. त्याच्या पाठीमागे नुकत्याच विणलेल्या आरएनएची लांब शेपटी लोंबत असते. जीवाणूत थांबायची पद्धत नाही. आरएनए पुरता तयार व्हायच्या आतच त्यावर रायबोसोम चढतात आणि प्रथिनं बनवायला लागतात. काही प्रथिनं तर बनता बनताच पेशीच्या पडद्यात रुतून बसतात. एवढा सगळा बारदाना ओढत नेणाऱ्याला दोराभोवती गिरक्या घेणं कसं शक्य आहे? तो सरळ चालतो आणि त्याच्याऐवजी दोराला फिरावं लागतं. १९८७ साली लेरॉय लिऊ आणि जेम्स वांग यांनी हे नीट मांडलं. वाचणाऱ्याच्या पुढे दोर जास्त आवळतो, मागे तेवढाच सैल पडतो. वाचन एकच, पण त्यातून एकाच वेळी दोन उलट प्रकारचे पीळ जन्माला येतात. मला एकदम आठवलं, माझ्याकडचा दोर वेटोळं होत होता तेव्हा खांबाकडच्या बाजूला पेड एकमेकांपासून सुटून पोकळ झाले होते. बघितलं होतं मी ते. पण डोळ्यांनी बघितलेलं डोक्यापर्यंत पोचायला एसटीचा प्रवास लागला.

पीळ या शब्दाशी कोल्हापूरच्या माणसाचं नातं सरळ नाही. इथे पीळ हे कौतुक आहे. गंगावेस तालमीतून सकाळी बाहेर पडणाऱ्या पोरांचं अंग पीळदार, म्हाताऱ्या पैलवानाच्या मिशीला पीळ. आणि त्याच तोंडानं आपण एखाद्याला हिणवतो, की सुंभ जळाला तरी पीळ जात नाही. माझ्या लहानपणी आबा मांडीवर वाख वळायचे. मी समोर बसून बघायची. मांडीचे केस गेलेले, कातडी चामड्यासारखी घट्ट. एकेक पेड ते एका दिशेनं वळायचे आणि मग दोन पेड एकत्र आणून उलट्या दिशेनं वेढायचे. मी विचारलं होतं, उलटं कशाला? त्यांनी एक दोर मुद्दाम दोन्ही वेळा एकाच दिशेनं वळून माझ्या हातात दिला. हात सोडताच तो उलगडून वाखाचा पुंजका झाला. पेडाला सुटायचं असतं आणि त्याच्या त्या सुटण्याच्या ओढीनंच दुसरा वेढा घट्ट बसतो. दोर टिकतो तो दोन विरुद्ध ओढींच्या भांडणावर. हे त्यांनी मला शब्दांत कधी सांगितलं नाही, हातात दिलं.

डीएनएचा पीळ मी स्वतःच्या डोळ्यांनी पहिल्यांदा बघितला तो एमएस्सीला असताना, आणि बघून घाबरले होते. जीवाणूतून प्लाझ्मिड काढायचं प्रात्यक्षिक होतं. प्लाझ्मिड म्हणजे डीएनएचं छोटं सुटं कडं. अॅगरोजची जेल ओतली, नमुना घातला, वीज सोडली, तासाभरानं अतिनील दिव्याखाली धरली. अंधाऱ्या खोलीत नारिंगी पट्टे उजळले. एक पट्टा यायला हवा होता, माझ्याकडे दोन. एक खूप पुढे पळालेला, एक मागे रेंगाळलेला. माझा नमुना भेसळीचा झाला, दोन दिवसांचं काम पाण्यात गेलं, असं समजून माझे डोळे भरून आले. सर शेजारी येऊन उभे राहिले. म्हणाले, "दोन्ही पट्टे एकाच डीएनएचे आहेत. अक्षर न अक्षर तेच. पुढचा पिळात आहे, म्हणून आवळून लहान झालाय आणि जेलच्या जाळीतून सुळकन गेला. मागच्याचा एक पेड कुठेतरी तुटलाय, त्याचा पीळ निघून गेला, तो पसरट झालाय." मी खूप वेळ त्या दोन रेषा बघत राहिले. मजकूर तोच, वजन तेच, फरक फक्त अंगातल्या पिळाचा. आणि त्या फरकानं एक कुठल्या कुठे पोचला होता.

पुढे वाचनात आलं की जीवाणू आपला डीएनए नेहमीच्या पिळापेक्षा मुद्दाम जरा सैल ठेवतो. शंभर वेढ्यांमागे साधारण सहा वेढे कमी. त्यातले जवळपास निम्मे प्रथिनांनी बांधून ठेवलेले असतात, उरलेले मोकळे, कामाला तयार. कमी वेढे म्हणजे पेड उघडायला सोपे. जनुक जिथून वाचायला सुरुवात होते त्या प्रमोटरजवळ पॉलिमरेजला बारा-चौदा अक्षरांची फट पाडावी लागते. दोर आधीच उलट्या बाजूला ओढ घेत असेल तर ती फट पाडायला फारसे कष्ट पडत नाहीत. घरातल्या जुन्या दाराला बिजागरीत थोडी जागा असली की ते बोटानं उघडतं, तसं. उकळत्या झऱ्यांत राहणाऱ्या काही सूक्ष्मजीवांचं याच्या बरोबर उलट असतं. त्यांच्याकडे रिव्हर्स जायरेज आहे, ते पीळ वाढवतं. तिथल्या उष्णतेत पेड आपोआप सुटायची भीती, म्हणून त्यांना दोर आवळून धरावा लागतो. जिथे राहायचं तिथला पीळ.

तर टोक नसलेल्या दोराचं काय? उत्तर एकच आहे, आणि ते ऐकायला भीतीदायक आहे.

कापायचा.

१९७१ मध्ये जेम्स वांग यांना ई. कोलायमध्ये एक प्रथिन सापडलं, जे डीएनएचा एक पेड कापून दुसरा त्यातून पलीकडे जाऊ देतं आणि कापलेला पुन्हा जोडतं. आज त्याला टोपोआयसोमरेज वन म्हणतात. एका खेपेला एक वेढा. त्याला बाहेरून इंधन लागत नाही, दोरात साठलेल्या ताणावरच ते चालतं. पॉलिमरेजच्या मागे जो सैलपणा साठतो तो हे आवरतं. नाही आवरला तर ताजा आरएनए मागे वळून डीएनएच्याच एका पेडाला चिकटून बसतो आणि सगळं काम तटतं. १९७६ मध्ये मार्टिन गेलर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांना जायरेज सापडलं. त्याचं काम जास्त धाडसाचं. चार तुकड्यांचं हे एन्झाइम डीएनएचा जवळपास एकशेतीस-चाळीस अक्षरांचा भाग स्वतःभोवती गुंडाळून घेतं आणि मग दोन्ही पेड कापतं. दोन्ही. त्या फटीतून त्याच दोराचा दुसरा भाग आरपार नेतं, आणि फट मिटवतं. एका खेपेला दोन वेढ्यांचा फरक. याला मात्र एटीपीची, पेशीच्या रोखीची, किंमत मोजावी लागते. पॉलिमरेजच्या पुढे आवळत चाललेला दोर हे मोकळा करतं म्हणून वाचन चालू राहतं.

मला अडखळायला झालं ते एका बारीक गोष्टीपाशी, जी मी विद्यार्थिनी असताना वाचून विसरले होते. दोन्ही पेड कापले की चार टोकं तयार होतात. ती सुटली तर पेशी मेलीच. जायरेज ती सुटू देत नाही. कापताक्षणीच त्याच्या अंगातलं टायरोसिन नावाचं एकेक अमिनो आम्ल एकेका पेडाच्या टोकाशी रासायनिक बंध जोडतं. नुसतं धरून ठेवणं नाही, तो भाग तेवढ्यापुरता जायरेजच्याच अंगाचा होतो. कापणारा हात आणि धरणारा हात एकच. दुसरा भाग पलीकडे गेला की तो बंध सुटतो आणि पेड पुन्हा पेडाला मिळतो, अक्षरही न गमावता, गाठही न राहता.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेचं पाणी रात्रीतून गोठ्यात शिरलं. आमचं गाव चिखली-आंबेवाडीच्या पट्ट्यातलं, तिथे पूर नवा नाही, पण तसा पूर कुणी बघितला नव्हता. आबांनी जनावरं सोडायला हात घातला तर दाव्यांच्या गाठी भिजून दगड झालेल्या. बोटांनी निघेनात. मग त्यांनी विळ्यानं चारही दावी कापली. आपण स्वतः वळलेले दोर. जनावरं उंचावर गेली, वाचली. पाणी उतरल्यावर मी गेले तेव्हा सगळीकडे चिखलाचा आणि कुजलेल्या वैरणीचा दर्प होता, भिंतींना कमरेच्या वर ओल, आणि आबा उंबऱ्यावर बसून कापलेली दावी जोडत होते. गाठ मारून नाही. दोन्ही बाजूंचे पेड उकलून, पेडात पेड घालून, पुन्हा वळून. मी म्हटलं, आबा, नवीन आणू की. ते काही बोलले नाहीत. जोडून झाल्यावर दावं माझ्या हातात दिलं आणि म्हणाले, "कुठं कापलंय ते दाव." मला दाखवता आलं नाही.

याच कापण्या-धरण्याच्या क्षणाला आपण जीवाणूंच्या विरोधात हत्यार केलंय. आईला लघवीचा संसर्ग झाला तेव्हा डॉक्टरांनी सिप्रोफ्लॉक्सॅसिन दिलं. जेवणानंतर पाण्याच्या तांब्याशेजारी ती पट्टी ठेवलेली असायची. गोळी जाऊन त्या कापलेल्या फटीत पाचर मारल्यासारखी बसते. जायरेजनं टोकं धरलेली आहेत, पण आता त्याला ती जोडता येत नाहीत. आधार देणारं तेच एन्झाइम उघड्या जखमेवर अडकून पडतं आणि पेशी त्यातून सावरत नाही. आपल्या पेशींतलं तशाच कामाचं एन्झाइम पुरेसं वेगळं आहे, म्हणून आई बरी होते आणि जंतू मरतो. क्षयाच्या जंतूकडे तर दोन्ही पेड कापणाऱ्या या जातीचं एकच एन्झाइम आहे, जायरेज. इतर बहुतेक जीवाणूंत गुंतलेली कडी सोडवायला टोपोआयसोमरेज फोर असतं, इथे ते कामही जायरेजच करतं. म्हणून औषधांना न जुमानणाऱ्या क्षयावर याच कुळातलं मॉक्सिफ्लॉक्सॅसिन वापरतात. आई बरी झाल्याचा आनंद खराच होता. पण आईला गोळी देताना मला दरवेळी त्या मधेच थांबलेल्या हाताचं वाईटही वाटायचं. कुणाला सांगितलं नाही. दोन्ही वाटणं खरी होती.

अलीकडच्या काळातलं एक काम मी पुन्हा पुन्हा वाचते. जीवाणूतला जोरात चालणारा जनुक एकसारखा वाचला जात नाही. थोडा वेळ भराभर आरएनए निघतात, मग शांतता, मग पुन्हा भराभर. हे असं धापा टाकत का चालतं, याचं उत्तर हार्वर्डमधल्या एका गटानं २०१४ साली दिलं. पुढचा पीळ साठत जातो, वाचन मंदावतं, थांबतं. जायरेज येऊन बसलं की पीळ निघतो आणि वाचन पुन्हा सुटतं. जायरेजची संख्या वाढवली की ती शांतता कमी होते. म्हणजे जनुक चालू की बंद हे ठरवण्यात मजकुराइतकाच दोराच्या ताणाचा हात आहे. एकामागोमाग दोन पॉलिमरेज चालली असतील तर पुढच्यानं मागे टाकलेला सैल पीळ आणि मागच्यानं पुढे ढकललेला घट्ट पीळ मधेच एकमेकांना भेटून विरून जातात, दोघांचीही वाट सोपी होते. पेशी उपाशी पडली, एटीपी कमी झालं, की जायरेजचा जोर ओसरतो आणि सगळ्या दोराचा ताण बदलतो. एकेका जनुकाला ते वेगवेगळं जाणवतं, कुणी मंद होतो, कुणी जागा होतो. आणि जायरेजचे स्वतःचे जनुक? ते त्याच दोरावर आहेत. तो ताण ओसरला की ते जास्त वाचले जातात, जास्त जायरेज बनतं, ताण परत येतो. गेलर्ट आणि रोल्फ मेन्झेल यांनी हे १९८३ मध्येच दाखवलं होतं. दोर आपला पीळ स्वतः जोखतो.

हे सगळं मी यंदा वर्गात सांगितलं. एका गुणाच्या वाक्यावर दोन तास घालवले. पहिल्या बाकावरची एक मुलगी शेवटी ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत, सोडत, पुन्हा गुंडाळत बसली होती. तिच्याकडे बघून मला रविवारी गावी जायची घाई झाली.

आबांना मी यातलं काहीच सांगितलं नव्हतं. तोच कासरा काढला आणि म्हटलं, याची दोन्ही टोकं मला एकमेकांना जोडून द्या, गाठ नको. "कशाला?" म्हणाले, पण दिला जोडून. दोराचं मोठं कडं झालं. मी म्हटलं, आता खुंटी घाला आणि आतून बघा. त्यांनी पेडात खुंटी घातली, सरकवली. हातभर गेली आणि पुढचा दोर उसळून स्वतःवर चढला. आबा सवयीनं म्हणाले, "टोक सोड." मी रिकामे हात दाखवले. त्यांनी कडं उचललं, फिरवून बघितलं, एक वेटोळं बोटानं दाबलं, सोडलं, पुन्हा दाबलं. खाली म्हशीनं शिंगं खांबाला घासल्याचा आवाज येत होता. बराच वेळ ते त्या जागेकडे बघत होते जिथे दोरावर दोर चढला होता.

"इळा आण," ते म्हणाले.

मी विळा आणून दिला. त्यांनी खालचा दोर अंगठ्याखाली घेतला आणि मला खूण केली. "हितं कापतो. हा वरचा ह्यातनं खाली काढायचा आन् परत जोडायचं. पर तू दोन्हीकडनं घट्ट धर. एक टोक जरी सुटलं, तर हाय त्यो सगळा पीळ जाईल."

मी दोन्हीकडून धरलं.